मेंढरांचं काय लिवलं न्हाईस

आप्पा, तो सिनेमा मी परवा पुन्हा पाहिला. किती वेळा पाहून झाला ते आता सांगता येणार नाही. तुमच्याबरोबर एकदा थेटरात, घरातल्या टीव्हीवर तुकड्यातुकड्यानं अनेकदा, आणि दौंडच्या कॉलेजात शिकवायला लागल्यापासून वर्गातल्या पडद्यावर दर वर्षी एकदा. सिनेमा तोच आहे. तुम्ही त्यात दीडएक मिनिट आहात, तेही तेवढंच आहे. माझं मत तेवढं बदलत गेलं, आणि त्यातलं एक मत मी तुम्हाला तोंडावर ऐकवलं.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. शिरूरच्या थेटरात दुपारचा खेळ होता आणि आमच्या गावाहून, कवठ्याहून, टेंपो भरून माणसं आली होती. गोष्टीकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे तुमची वाट बघत होते. शहरात शिकलेला नायक नवी जीप घेऊन गावी येतो. रस्त्यात मेंढरं आडवी येतात. नायकाचा मित्र जीपमधूनच मेंढक्याची टिंगल करतो, मेंढका हात जोडून हसतो आणि जीप निघून जाते. तो मेंढका तुम्ही. तुम्ही दिसलात तशी मी खुर्चीवर उभी राहून ओरडले, "आमचं आप्पा हाईत!" मागून कुणीतरी म्हणालं, "बस की खाली, आमालाबी बघू दे तुझा आप्पा." बाहेर पडताना चुलत्यांनी तुमच्या पाठीवर थाप मारली. "काय हिरो, आता आमाला वळख तरी द्याल का?" तुम्ही म्हणालात, "हिरो त्यो गाडीतला. मी आपला गाडीम्होरचा." त्या दिवशी माझं मत असं होतं की याच्याइतका चांगला सिनेमा जगात कुणी काढलेला नाही.

शूटिंगचं मला थोडंच आठवतं. कवठ्याच्या माळावर ऊन आहे, छत्रीखाली सिनेमावाला साहेब बसला आहे, आणि त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा हवी आहे. मेंढरांना ते कळत नाही. चरून झालेल्या वाटेनं ती लगेच माघारी येत नाहीत. तुम्ही आणि आई पाच-सहा वेळा ती वळवून आणता. साहेब ओरडतो, "मामा, अजून एकदा!" आणि तुम्ही म्हणता, "सायेब, मला कितींदाबी सांगा. ह्यास्नी एकदाच म्हाईत हाय." सगळे हसतात. मी सामान वाहणाऱ्या आमच्या घोडीच्या सावलीत बसलेली आहे. पुढचं आठवत नाही, झोप लागली असावी.

सिनेमा लागला त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही मेंढरं विकली. मी पाचवीत जाणार होते, आणि दिवाळीनंतर मेंढरांमागं निघालं की माझी शाळा सुटायची. यवतच्या बाजारात दोन खेपांत ती गेली. भांडगावात दोन खोल्या झाल्या, तुम्हाला जवळच्या कंपनीत वॉचमनचं काम मिळालं, मला यवतची शाळा मिळाली. याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत. गेटावर बसून पाय दुखतात एवढंच म्हणायचात. चालून ते कधी दुखले नव्हते.

तो सिनेमा टीव्हीवर वरचेवर लागायचा. तुम्हाला आधी कळलं तर तुम्ही ड्यूटी बदलून घ्यायचात. जीपचा प्रसंग जवळ आला की कॉटवरून उठून पडद्याला नाक लागेल इतकं पुढं जाऊन बसायचात, आणि जीप गेली की उठून बाहेर. नायकाचं पुढं काय झालं, त्याचं लग्न लागलं की नाही, हे तुम्हाला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आई आतून विचारायची, "झाली का भेट?" तुम्ही म्हणायचात, "झाली." मला वाटायचं, माणूस स्वतःला बघतो आहे. त्याचं मला आधी कौतुक वाटायचं, मग थोडं हसू यायला लागलं.

मग मी पुण्यात एम.ए.ला गेले. पडद्यावर काय घडतं यापेक्षा तिथं कुणाला कसं दाखवलं आहे हे बघायला शिकले. ते शिक्षण चुकीचं नव्हतं, आजही मी तेच शिकवते. पण तेव्हा ते नवं होतं, आणि नव्या चपलेसारखं मी ते घरातसुद्धा घालून फिरत होते. एका रविवारी घरी आले तर तुम्ही पडद्यापुढं बसलेले. जीपमधला मित्र म्हणत होता की मेंढक्याला अक्कल मेंढराएवढीच असते, आणि माझे वडील त्याच्यापुढं हात जोडून हसत होते. इकडे जमिनीवर बसूनही हसत होते.

"बंद करा ते," मी म्हणाले.

"का गं?"

"तुमची टिंगल चाललीय त्यात, आप्पा. तिथंही हसताय, इथंही हसताय. लाज कशी वाटत नाही?"

आत आई भाकरी थापत होती, तो आवाज थांबला. तुम्ही माझ्याकडं पाहिलं, "बरं" म्हणालात आणि उठून बटण बंद केलं. प्रसंग अजून अर्धा राहिला होता. त्यानंतर मी घरात असताना तो सिनेमा आमच्याकडं लागला नाही. मी नसताना लागत होता का, हे मी कधी विचारलं नाही.

पुढं मी त्यावर लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं की हे हसू पिढ्यान्‌पिढ्या दबून राहिलेल्या माणसाचं आहे. ते वाक्य लोकांना आवडलं, काहींनी ते आपल्या लेखांत घेतलं. ते हसू माझ्या वडिलांचं आहे हे मी लिहिलं नव्हतं. अभ्यासाच्या लेखात असं लिहीत नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घातली. तुम्हाला वाचता येत नव्हतं. चुलतभावानं तो अंक कुठूनतरी मिळवला आणि ओट्यावर बसून तुम्हाला सगळा लेख वाचून दाखवला, तळटिपांसकट. मी आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "लेख ऐकला तुझा. झ्याक हाय. अवघड हाय, पर झ्याक हाय." मग म्हणालात, "मेंढरांचं काय लिवलं न्हाईस."

मी हसले. "तो माणसांबद्दल आहे, आप्पा."

"व्हय. त्येबी खरंच," म्हणालात, आणि दूध आणायला गेलात.

तुम्ही गेल्याला आता अकरा वर्षं झाली. त्याच्या आधीपासून तो प्रसंग मी वर्गात दाखवते आहे. दर वर्षी जीपपुढं मेंढका हात जोडतो आणि दर वर्षी मुलं हसतात. मी दिवा लावायची आणि विचारायची, "यात हसण्यासारखं काय आहे?" आवाज असा असायचा की कुणी उत्तर द्यायचं नाही. मग गप्प झालेल्या वर्गाला मी तुमच्या हसण्याचा अर्थ सांगायची.

गेल्या उन्हाळ्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ती माझ्याकडं दौंडला राहिली. काळा चष्मा निघाला तेव्हा तिला सगळंच नव्यानं दिसत होतं, भिंतीवरच्या पालीचंसुद्धा तिला अप्रूप. मी टेबलाशी बसून वर्गाची तयारी करत होते, लॅपटॉपवर तो प्रसंग चालू होता. ती मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आगं, ही बघ कानी. हार खातीया."

पडद्याच्या डाव्या कडेला जीपचा पुढचा भाग येतो. नव्या गाडीच्या जाळीवर झेंडूचा हार आहे. एक काळ्या कानाची मेंढी मान वर करून त्याचं खाली लोंबणारं टोक खाते आहे, शांतपणे, एकेक फूल. जीपमधल्या दोघांना ती दिसत नाही. तुम्हाला दिसते आहे. तुम्ही हात जोडून नायकाकडं तोंड केलं आहे आणि तुमची नजर मेंढीवर आहे.

"तवा सगळा हार संपीवला तिनं," आई म्हणाली. "सायेबानं निस्तं हात जोड म्हून सांगितलं व्हतं. हसाया कुठं सांगितलं व्हतं? ह्यास्नी हसू आवरंना, आन् सायेब म्हनला, ब्येस, असंच ठिवू."

मी विचारलं, "टीव्हीवर ते हेच बघायचे?"

"मंग काय सवताला बघायचे व्हय? कानी, भुरी, ती लंगडी, समदी नावानं म्हनायचे. शेवटाला ती मोठी बांडी दिसली की उठायचे."

"मला कधी सांगितलं नाही."

"तू बंद करा म्हनलीस," आई म्हणाली. रागानं नाही, पाणी तापलंय असं सांगावं तसं.

त्या दिवशी मी आवाज बंद करून तो प्रसंग कितीतरी वेळा पाहिला. कानी ओळखू आली, कारण आईनं बोट ठेवून दाखवली होती. बाकीची सगळी मला सारखीच दिसली. त्यातल्या काहींच्या पाठीवर डोकं टेकून मी लहानपणी झोपले असेन. सिनेमा वाईटच आहे, आप्पा. त्या मित्राच्या तोंडचं वाक्य हलकट आहे आणि लिहिणाऱ्याला ते विनोदी वाटलं, यावरचं माझं मत मी बदलणार नाही. तुमची मेंढरं मात्र त्या वाईट सिनेमात होती. विकल्यानंतर ती तुम्हाला दुसरीकडं कुठं दिसणार नव्हती, आणि ती विकली होती ती माझ्या शाळेसाठी. माझ्या सांगण्यावरून तुम्ही उठून ती बंद केलीत, आणि तुम्ही का हसता हे मी परक्या लोकांना वीस वर्षं समजावून सांगितलं. तुम्हाला एकदाही विचारलं नाही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून परवाचंही लिहिते. घरून निघतानाच मी ठरवलं होतं की आज वर्गाला सांगायचं, हा मेंढका कोण ते. प्रसंग लावला. मुलं हसली. मी दिवा लावला आणि या वेळी खरंच विचारलं, की का हसलात. मग पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ती मेंढी बघा ना. हार खातीय." तिच्या शेजारची म्हणाली, "आन् त्या मामांना म्हाईती हाय. म्हणून तर हसतायत." पहिल्याच पाहण्यात. आधीच्या सगळ्या वर्षांची मुलंही यालाच हसत असतील. मी ती गप्प केली होती.

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मॅडम, हे मामा कोन? नट न्हाई वाटत."

वर्ग माझ्याकडं बघत होता. वाक्य तयार होतं, तीन शब्दांचं.

"स्थानिक असेल कुणीतरी," मी म्हणाले, आणि दिवा बंद केला.