पुढे सरकलेल्या गोळ्या

धाकट्या, चहा झाकून ठेवलाय. तो घेऊन जवळ बस, गोष्ट सांगते. सांगणारी देवळात गेलीय, म्हणून कागदावर.

एक होता जंगलरक्षक. अस्वलाच्या धास्तीने त्याने मोठ्या गोळीचं, पण वजनाला हलकं रिव्हॉल्व्हर घेतलं. बहिणीला म्हणायचा, "ताई, तुझ्या टोमण्याचं वजन याहून जास्त!" त्याला जवळचं नीट दिसेना, म्हणून दर रविवारी ते तपासायचं काम तिच्याकडे. त्यानेच शिकवलं होतं, हत्यार हलकं म्हणून दणका भारी. एक गोळी झाडली की त्या दणक्याने उरलेल्यांची टोकं पुढे सरकतात आणि गोळ्यांचं फिरतं चक्र अडकतं.

त्यांचा कुत्रा म्हातारबा आजारी होता. अन्न सोडलेलं, रात्रभर कण्हायचा. गुरुवारी भाऊ म्हणाला, "गेला कुठेतरी निघून." बहीण रोज दारात उभी राहून हाका मारायची. भाऊ आत मान खाली घालून जेवायचा.

आज तिने चक्र उघडलं. एक गोळी नवीकोरी, बाकी चारही पुढे सरकलेल्या. म्हणजे एक झाडली आणि तिच्या जागी नवी भरली. अस्वल दिसलं असतं तर पठ्ठ्याने दहा वेळा सांगितलं असतं.

तिला राग नाही आला रे. म्हातारबाचे हाल तिलाही बघवत नव्हते. वाईट एवढंच वाटलं, की एका घरात राहून आपण दोघं एकेकटे रडलो.

गोळ्या काढून वेगळ्या ठेवल्यात. उद्या मला त्याला निजवलंस ती जागा दाखव. आणि आज देवापुढे हात जोडशील, तेव्हा आपल्या म्हातारबाची आठवण काढ. मोठ्याने काढ, घरात कुणी नसलं तरी.