छताखालचं एक मिनिट

निंबळवाडी, ता. देगलूर
४ जुलै २०२५

ती. आदिनाथदादास,
सिंधुचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नको, घरी सगळे ठीक आहेत. फोन सोडून कागद का खराब करून राहिले म्हणशील, तर मागच्या महिन्यात तुला पाठवायचा मजकूर मी चुकून तालुक्याच्या मुख्याध्यापक ग्रुपवर टाकला. मजकूर साहेबांबद्दल होता. माझ्याकडून खुलासा मागवला गेला, आणि त्या आधी चाळीस मुख्याध्यापकांनी अंगठा दाखवून घेतला. तेव्हापासून फोनची धास्ती बसलीय. पोस्टाचं पाकीट निदान एकालाच पोचतं; पोचलं तर.

पण खरी भीती वेगळीच आहे. मंगळवारी चौथीतला रुद्रेश पाणी प्यायला बाहेर गेला, आणि तो बसतो बरोबर तिथं छताचा ताटाएवढा पोपडा येऊन पडला. पोरं आधी हसली, मग माझं तोंड बघून दाराकडं सरकली. वर पाहिलं तर गज उघडे, गंजून सुतळीसारखे झालेले. आपल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गौसियाभाभींचे भाऊ सलीमभाई गवंडी आहेत. त्यांनी हातोडीनं छत वाजवून पाहिलं आणि सांगितलं की बाई, यात आता सिमिट न्हाई, हे निस्तं सवयीनं उभं हाय.

खोली एकच, पोरं एकवीस. खोली पाडायला परवानगी द्या म्हणून मी मार्चमध्येच प्रस्ताव दिला होता, तो काल परत आला. शेरा असा की अभिलेखानुसार इमारत सुस्थितीत आहे, सबब अमान्य. आता अभिलेखापुढं गजांनी तरी काय बोलावं? फार बोंब मारावी तर खोलीच नसलेली शाळा म्हणून आम्हाला ओढ्यापलीकडच्या शाळेत विलीन करतील. चार किलोमीटर. मुलगे कसेबसे जातील; मुली घरी बसतील, आणि पहिली बसेल ती गौसियाभाभींची नात शबाना. तिसरीत आहे, आणि माझ्याही बेरजा तपासते.

तू शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी, जन्म कागद तपासण्यात गेला. काय करू ते सांग. आरतीवहिनीस नमस्कार. तुझी माया आहेच, ती या खेपेला लवकर उत्तर देऊन दाखव.

तुझी सिंधु


लातूर
९ जुलै २०२५

चि. सिंधुस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा तो ग्रुपवरचा मजकूर लातूरपर्यंत आला होता. साहेबांचं वर्णन बिनचूक होतं, पण शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मुख्याध्यापिकेला हे शोभत नाही.

इथं डॉक्टर घडवणाऱ्या क्लासच्या इमारतींना लिफ्ट आहे, दारं पोरांच्या बोटांच्या ठशावर उघडतात. जिल्हा परिषदेच्या शाळेनं मात्र छत मागितलं की लोक आपल्याला हौशी समजतात. असो. पोरं आजच्या आज बाहेर काढ. गौसियाभाभींची ओसरी मोठी आहे, तिथं वर्ग भरव.

आता कागदाचं. हा ‘सुस्थितीत’ आभाळातून पडलेला नाही. दरवर्षीच्या माहितीच्या तक्त्यात आपण सगळे ‘मागील वर्षाप्रमाणे’ लिहितो. तूही लिहिलं असशील, लाजू नको. मागं मागं जात राहा. कुठंतरी एक पहिला कागद असेल, ज्यावर कुणीतरी समक्ष पाहणी केल्याची सही ठोकलीय. ती पाहणी चुकीची होती असं त्या माणसानं स्वतः लिहून दिलं, तरच तुझा प्रस्ताव हलेल. तो महापुरुष सापडला की मला कळव. शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू आणि श्रीफळ त्याच्याच टाळक्यावर फोडू.

माझे इथले दिवस मोजकेच. ३१ ऑगस्टला निवृत्ती. नंतर निवांत येऊन तुझ्या पोरांना पाढे शिकवीन. जपून राहा, आणि थोरल्या भावाला विसरू नको.

तुझा दादा


निंबळवाडी
१८ जुलै २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वर्ग ओसरीत हलवला. दोनच दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी तालुक्याहून निरोप आला की तुमच्या शाळेची हजेरी पोचत नाही. ते नवीन खूळ तुला ठाऊकच आहे: सकाळी साडेदहाच्या आत सगळ्या पोरांचा फोटो, आणि मागं फळा दिसला पाहिजे. आमचा फळा भिंतीवरच रंगवलेला. तो काही काखेत मारून ओसरीवर आणता येत नाही. मी छताचं सांगितलं, तर पलीकडून विचारणा झाली की छत फोटोत येतं का. नाही म्हटल्यावर ते म्हणाले की मग अडचण काय आहे.

म्हणून आता रोज एक मिनिट आम्ही आत जातो. मी आधी जाते, वर बघते, कान देते. मग पोरं दोन रांगांत पळत येतात, फळ्यासमोर श्वास रोखून उभी राहतात, फोटो निघाला की बाहेर. त्यांनी याचा खेळ केलाय. शबाना मोठ्यानं दहा अंक मोजते, दहाच्या आत सगळे बाहेर आले तर जिंकले. दादा, ती मोजायला लागली की माझी नजर छतावरच असते. सहाच्या पुढं मला ऐकूच येत नाही.

आणि तो कागद सापडला. पाहणीची तारीख १७ फेब्रुवारी २०१६. भिंती चांगल्या, छत चांगलं, समक्ष पाहणी केली. खाली केंद्रप्रमुखाची सही. तेव्हा आमचा केंद्रप्रमुख कोण होता ते तुला सांगायला नको. तुझ्या ‘आ’ची शेपटी मी झोपेतही ओळखीन.

त्या दिवशी मुरुडला आपल्या भाचीचं, दीपमालाचं लग्न होतं. तू फेटा बांधून जिलेबी वाढत होतास, आणि शाळेची एकुलती एक किल्ली तिथंच माझ्या पर्समध्ये होती. तू ती मागितलीही नव्हतीस. तुझ्या सहीखाली ‘समक्ष’ म्हणून माझीही सही आहे. तू घरचा माणूस, म्हणून मी वाचलंही नसेल. आता शिव्या तरी कुणाला घालू?

श्रीफळाचं काय करायचं ते कळव. राग आलाय, पण नमस्कार करते.

सिंधु


लातूर
२३ जुलै २०२५

चि. सिंधुस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वहिनीनं विचारलं तर लाइटचं बिल आहे म्हणून सांगितलं.

मला ती सही आठवत नाही. हेच वाईट आहे. त्या आठवड्यात अशा अकरा शाळा होत्या, आणि लग्नघर होतं. तक्ते सोमवारी द्यायचे होते. छत तेव्हा खरंच चांगलं असेल, असं मी आता स्वतःला समजावून राहिलोय. पण मी पाहिलं नव्हतं.

नीट ऐक, आणि लगेच भडकू नको. निवृत्तीला पाच आठवडे उरलेत. आता चौकशी लागली तर पेन्शन अडकते, आणि माणूस मरेपर्यंत कचेरीच्या बाकावर बसतो. असे दोघे मी रोज बघतो. त्यातला एक तर स्वतःची उशी घेऊन येतो. तो कागद सध्या होता तिथंच ठेव. मी ओळखीनं बघतो. दुरुस्ती म्हणून काही बसतं का, ते पाहू. तोवर ते एक मिनिट सांभाळून कर. पावसानं उघडीप दिली की भीती नसते.

तू शहाणी आहेस. माझं चुकलं असलं तरी मी तुझाच आहे, हे ध्यानात असू दे.

दादा


निंबळवाडी
२९ जुलै २०२५

ती. दादास,
नमस्कार. वि. वि. काय करायची राहिलीय?

उघडीप दिल्यावर भीती नसते म्हणालास. शुक्रवारी लख्ख ऊन होतं. पोरं फळ्यासमोर उभी होती, शबाना चारपर्यंत पोचली होती. वर कट् असा आवाज झाला, सुपारी फोडल्यासारखा. कुणी ओरडलं नाही, कारण श्वास रोखायचा नियम होता. शबानाच्या डोक्यावर वाळूची धार लागली आणि ती तशीच उभी राहून पाच, सहा मोजत राहिली. फोटो निघाल्याशिवाय हलायचं नाही, हे मीच तिला शिकवलंय. मी फोन टाकला आणि हाताला येतील ती पोरं बाहेर ओढली.

गौसियाभाभींनी ओसरीवर तिची वेणी सोडली, केस धुतले. केसांतून बोराएवढा सिमेंटचा खडा निघाला. तो खडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि खिचडीला फोडणी द्यायला गेल्या. लई बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून एकही पोर आत नेलं नाही. शाळा ओसरीत भरते. साडेदहाच्या आधी मी एकटीच फळ्यासमोर उभी राहते आणि माझाच फोटो पाठवते. फोनवर उत्तर येतं: विद्यार्थी शून्य, इमारत सुस्थितीत. सलग दहा दिवस हजेरी शून्य आली की शाळा बंद धरतात. आज तिसरा दिवस.

तुझ्या पेन्शनची मलाही भीती वाटते. तुझ्या पैशावर मी डीएड केलं, हे मी विसरले नाही. पण तू बाकावर बसलास तर मी डबा घेऊन येऊ शकते. त्या खोलीत काही झालं तर डबा घेऊन मी कुणाकडं जाऊ?

सोबत दीपमालाची लग्नपत्रिका पाठवते. आपल्याकडं पत्रिकेत नावापुढं हुद्दा छापल्याशिवाय पाहुण्यांना चैन पडत नाही. तुझं नाव हुद्द्यासकट आहे: मुलीचे मामा, केंद्रप्रमुख, देगलूर. वर तारीख आहे, मुरुडचा पत्ता आहे. माझा कबुलीजबाबही जोडलाय, त्या दिवशी मीही शाळेत नव्हते असा. पुढं तुझं तू बघ.

तरीही तुझीच,
सिंधु


नांदेड, बसस्थानक
४ ऑगस्ट २०२५

चि. सिंधुस,
आशीर्वाद. माझ्याकडून घेतलेला चालत असेल तर.

जिल्हा परिषदेतून आत्ताच बाहेर आलो. टेबलावर बसवराज नावाचे लिपिक होते. मी अर्ज दिला: २०१६ची पाहणी मी केलेली नाही, सही खोटी नाही पण मजकूर खोटा आहे. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले की पाहणी केल्याचे पुरावे लोक आणतात, न केल्याचा पुरावा घेऊन आलेला माणूस एकतीस वर्षांत पहिला. मग मी पत्रिका दिली. त्यांनी ती वरच्या गणपतीपासून वाचली. चुलते, आत्याचे यजमान, सगळे हुद्दे वाचले, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं की जेवण चांगलं होतं का. मी खरं सांगितलं की जिलेबी कच्ची होती.

आवक शिक्का मारताना मात्र ते थांबले. हळूच म्हणाले की साहेब, अजून मागं घ्या, सत्तावीस दिवस राहिलेत. सिंधु, माझा हात खरंच कागदाकडं गेला होता. हे तुला सांगतोय कारण दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. मग केसांत वाळू घेऊन मोजत उभी राहिलेली ती पोरगी डोळ्यांसमोर आली. मी तिला पाहिलेलंही नाही. न पाहता लिहिण्यात जन्म गेला, पण न पाहता एवढं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं.

शिक्का बसला. अभियंत्याला तातडीनं पाठवू म्हणालेत. वहिनीला अजून सांगितलेलं नाही. ती भीती घरी गेल्यावरची.

लातूरची गाडी लागलीय. या बहिणीनं भावाला टाकू नये, एवढंच.

दादा


निंबळवाडी
१२ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सिंधुचा शिरसाष्टांग नमस्कार.

अभियंता बुधवारी आला, शून्याच्या दहाव्या दिवशी, दुपारी तीन वाजता. तोवर मी घड्याळ पालथं ठेवलं होतं. मी दार उघडलं. त्यानं उंबऱ्यातूनच वर पाहिलं आणि पाय मागं घेतला. आत येऊन बघा म्हटलं, तर मला लेकरं हायेत म्हणाला. बाहेर उभ्या उभ्या त्यानं ‘अतिधोकादायक, वापर तात्काळ बंद’ लिहिलं. म्हणजे पाहणी याही वेळी आत न जाताच झाली.

नवी खोली होईपर्यंत ओसरीतली हजेरी मान्य केलीय. विलीनीकरणाचा विषय पुढच्या सभेत येणार आहे, त्यामुळं भीती पूर्ण गेलेली नाही. तुझ्यावर आरोपपत्र निघाल्याचं वहिनीनं कळवलं. ती रडत नव्हती, उशी शिवून राहिलीय म्हणाली. कचेरीचा बाक कडक असतो, असं तूच तिला सांगितलंस म्हणे. मलाही खुलासा मागितलाय. राखीला तुला यायला जमलं नाही, म्हणून राखी शबानानं सलीमभाईंकडच्या ओळंब्याच्या दोऱ्याची केलीय. बांधून घे.

छत अजून उभंच आहे. सवयीनं. जाता-येता पोरं त्या बाजूला बघत नाहीत, मी बघते.

दाराला कुलूप घातलंय आणि त्याची किल्ली या पाकिटात ठेवलीय. ती तुझ्याकडं असू दे. नऊ वर्षांपूर्वी मागितली असतीस, तर मी तेव्हाच दिली असती.

तुझी,
सिंधु