पाचव्या सुईपर्यंत

१९ एप्रिल, दुपार

ताई,

मी बरा आहे, हे आधीच सांगून टाकतो. अक्षर गिचमिड आलंय, कारण उजव्या अंगठ्याला पट्टी आहे. त्याचं सांगतोच.

रोपवाटिकेतलं काम झकास चाललं होतं. पिशव्यांत माती भरायची, झारीने पाणी घालायचं. इथली मांजर माझ्याच चपलेत झोपते, दुसऱ्या कुणाची चालत नाही तिला. हां, तर अंगठ्याचं. एक मुंगूस रोज सकाळी शेडमागे ठरल्या वेळी यायचं, म्हणून मी त्याचं नाव पोस्टमन ठेवलं. मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलेलं, "रानातल्या प्राण्याला खाऊ घालणारा माणूस मला नको." मी गुपचूप अंड्याचा तुकडा ठेवायचो.

दहा तारखेला पोस्टमन भर दुपारी आला, झोकांड्या खात. तोंडाला लाळ, माणसांना बघूनही पळेना. मला वाटलं, ऊन लागलं बिचाऱ्याला. उघड्या हातांनी उचलला. त्याने अंगठ्यात दात रोवले.

दवाखान्यात सिस्टरने विचारलं, "काय चावलं?"

"खार."

"खारी-उंदरांपासून रेबीज सहसा होत नाही. पण नक्की खारच ना?"

"नक्की." काम जाईल ना, ताई. तिने जखम साबणाने चांगली धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि सोडलं.

बारा तारखेला सकाळी पोस्टमन पाण्याच्या टाकीमागे मरून पडलेला. माझी तंतरली. सायकल काढली ती थेट सिस्टरसमोर. "ती खार नव्हती. मुंगूस होतं."

तिने पेन खाली ठेवलं. "अरे गाढवा, मुंगसाची गोष्ट वेगळी! एकदा आजार दिसायला लागला की मग कुणाच्याच हातात काही राहत नाही. बस इथे."

जखमेत सीरम टोचलं तेव्हा आई आठवली. दंडातली लसीची सुई त्यापुढे काहीच नाही. अशा पाच. पहिली त्याच दिवशी, मग पंधरा, एकोणीस, सव्वीस आणि शेवटची दहा मेला.

परत येऊन मालकीणबाईंना सगळं सांगितलं. सगळे त्याच टाकीवर हात धुतात, गप्प कसं बसणार? त्यांनी प्राण्यांच्या डॉक्टरांना बोलावलं, कुणालाही तिकडे फिरकू दिलं नाही. मग माझ्याकडे वळल्या. "काम गेलं तुझं. खोली मात्र सुया संपेपर्यंत तुझी. पळालास तर बघ."

काल रोपं न्यायला येणारा ट्रकवाला म्हणाला, "बंदरावर माणसं हवीत, चल बस." असं कुणी म्हटलं की माझा पाय आधीच पायरीवर असतो, तुला ठाऊक आहे. नववी अर्धी, वायरमनचा कोर्स अर्धा, तुझ्या लग्नातून तर जेवायच्या आधीच सटकलो. त्याला म्हटलं, "दहा मेनंतर ये." खो-खो हसला. हसू दे.

आज तिसरी झाली. दवाखान्याचं कार्ड उशाशी भिंतीला चिकटवलंय, प्रत्येक सुईनंतर सिस्टर त्यावर सही करते. ते घेऊनच तुझ्याकडे येईन. आधी पाचही सह्या मोज, मग दार उघड.

पाकिटामागे पत्ता लिहिलाय. दहा मेपर्यंत तो बदलणार नाही.

इथेच असलेला,
तुझा धाकटा