न घेतलेल्या गोळीचा त्रास

३ मार्च, मंगळवार

विमा कंपनीने तोंडाला पानं पुसली! यांची फिटची गोळी, जी सुरू झाल्यापासून एकदाही फिट आली नाही ती, आता मंजूर नाही म्हणे. त्याच कामाची दुसरी स्वस्तातली आहे, आधी ती तीन महिने घ्या. फोनवरची बाई बोलायला मोठी गोड. "ती सोसली नाही तर जुनीचा विचार करू, मॅडम."

सोसली नाही हे कळायचं कसं? "फिट आली किंवा काही त्रास झाला तर कळवा."

म्हणजे माणूस दुकानात काच कापता कापता काचेवरच कोसळला की मग यांनी विचार करायचा!

मी म्हटलं, नवी नकोच, जुनीच आणू. हे मात्र शांत. "कंपनी देतेय ती घ्यायची. डॉक्टरीणबाई पण हो म्हणाल्यात. पदरचे पैसे घालून जुनी आणायची नाही, सांगून ठेवतो."

५ मार्च

आणली! पडद्यांच्या शिलाईचे पैसे आले होते, ते सगळे औषधवाल्याच्या हातावर ठेवले.

यांना कळायची भीती नाही. एवढा थोरला माणूस, दुकानात दाराएवढ्या काचा एकटा उचलतो, पण गोळी गिळता येत नाही! लग्न झाल्यापासून मीच कुटते, मधात कालवते, चमचा तोंडापुढे धरते. हे डोळे मिटून चाटतात. आज नवी शिवणयंत्राच्या खणात टाकली आणि जुनी कुटली.

"कडू तेवढीच आहे की," म्हणाले. मी चमचा धुवायला घेतला.

९ मार्च

छान आहेत. मी पण काही कमी हुशार नाही!

१४ मार्च

सकाळी यांचा तोल गेला. भिंत धरून बाथरूमपर्यंत गेले. "झोप झाली नाही नीट," म्हणे. रात्रभर तर घोरत होते!

१७ मार्च

नणंद येऊन गेली. दाराशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, दादा प्यायल्यासारखा चालतोय गं. ही नवी गोळीच बाधतेय त्याला."

कशी बाधेल? ती पोटात गेलेलीच नाही! पण हे बोलू कुणाजवळ?

काचेवर एक रेघ मारायला जातात तर दोन दिसतात. आज बोट कापून घेऊन आले. जुनी गोळी तर आजवर कधी बाधली नाही. औषधवाल्याने भलतंच काही दिलं का? पाकीट पुन्हा पुन्हा वाचलं. नाव तेच, ताकद तीच. की डोक्यातच काही झालंय यांच्या? मला काही सुचत नाही. फार भीती वाटते.

२० मार्च

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांपुढे बोट फिरवलं, सरळ रेषेत चालवून बघितलं. "नवी सोसत नाहीये यांना. जुनी मंजूर झाली की ही बंद करा. कंपनीला मी आजच लिहिते."

आता सांगावंच म्हणून तोंड उघडलं होतं. तेवढ्यात हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझंच खरं होतं गं." इतक्या मायेने म्हणाले की सांगायचं राहूनच गेलं.

२५ मार्च

जुनी मंजूर! न घेतलेली गोळी बाधली, म्हणून रोज घेतात तीच गोळी मंजूर! हसावं की रडावं?

आणि यांचं डोकं अजून गरगरतंच आहे. उद्या दवाखान्यात एकटी जाणार आणि सगळं सांगणार. ओरडल्या तर ओरडू देत.

२६ मार्च

सकाळी मध कालवत होते. यांनी हत्यारांच्या पिशवीतून एक पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. जुन्याच गोळ्या. निम्मं पाकीट रिकामं!

"आता मंजूर झालीच आहे, मग लपवू कशाला? तुझ्या चमच्यातल्या त्या नवीवर माझा भरवसाच नव्हता. पहिल्या दिवसापासून स्वतःच्या पैशाने जुनी आणून दुकानात रोज एक खातोय. चावून! तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून बोललो नाही."

म्हणजे रोज दोन. एक यांच्या हातची, एक माझ्या.

चमचा माझ्या हातात तसाच. आणि हे डोळे मिटून, तोंड उघडून समोर उभे.