सोदामचं खातं

दाबिन,

मी सोदामच्या अंत्यविधीला जातेय. तुला उठवावंसं वाटलं नाही. सूप गॅसवर आहे, नुसत्या किमचीवर भागवू नकोस.

मुख्याध्यापक म्हणाले, "ग्रंथपालबाई, तिचं ऑनलाइन वाचनखातं बंद करा. मुलांसमोर बरं दिसत नाही." बंद करायला बसले, तर परवा गेलेल्या पोरीची पानं आज सकाळीही पुढे सरकलेली! लगेच तिच्या घरी फोन केला, तर तिचे बाबा म्हणाले, "गोष्ट अर्धी राहिली होती हो तिची."

खातं मी बंद करणार नाही. बोंबलू दे त्यांना.

आपल्या शाळेच्या वाचन-मॅरेथॉनमध्ये जितकी पानं, तितकं अंतर. सोदाम दवाखान्यात गेल्यापासून तू पुस्तक मिटून ठेवलंयस, तिनं जिंकावं म्हणून. मला कळत होतं. आता उघड ते. तिचे बाबा एकटेच धावतायत.

— आई