सोळा हजार एकोणसाठ

३ जून
या हातांनी केलेलं: डब्याच्या कडीचे डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, तीन मापांचे. झाकणांचे सात. कढईच्या कानाचा एक, त्याला चार महिने गेले. जुन्या प्रेसचा क्लच, भंगारातल्या गिअरवरून. घरातलं लोखंडी कपाट. आठवी पास, कोर्स एकही नाही. भांडुपला शेठच्या गाळ्यात एकवीस वर्षं.
आज पेन्शनवाला एजंट घरी आला. "आधीचा पीएफ किती, काका?" म्हटलं, शून्य. त्याने पेन खाली ठेवलं.

५ जून
खरं ते लिहितो. लग्नाच्या वर्षी शेठने विचारलं होतं, पीएफ कापू का? मीच म्हणालो, नको, सगळा पगार हातात द्या. हात आहेत तोवर मला काय कमी. तसं लिहून सही दिली. त्याचाही हिस्सा वाचला. पुढे तीनदा सांगितलं, आता सुरू करा. तिन्ही वेळा एकच उत्तर: "तूच लिहून दिलंयस ना रे, विजय."
मार्चमध्ये त्याचा मुलगा खुर्चीवर बसला. म्हणाला, पगार अर्धा, अठरा हजार, नाहीतर बघा. निघालो. हिशेबाचं पाकीट दिलं, त्यात अकरा हजार. वर पेढे.

९ जून
वय ४९. साठीला महिना अठरा हजार पेन्शन पाहिजे. अठराच. जेवढ्यावर राबवणार होते तेवढे घरी बसून घेणार.
सहा टक्क्यांनी पेन्शन धरली तर छत्तीस लाख जमायला हवेत. अकरा वर्षं, वाढ नऊ टक्के: दरमहा १६,०५९. एजंट म्हणतो पंधरात होईल. त्याने दहा टक्के धरलेत. मी धरत नाही.
आणायचे कुठून? मुलुंडला मित्राच्या गाळ्यात सुटी कामं करतो, त्यात घर जेमतेम चालतं. सुनंदा म्हणाली, "अहो, आठ टाका. आठ पण खूप झाले."
आठ म्हणजे निम्मी पेन्शन. परत निम्मंच.

२१ जून
शेठच्या मुलाचा फोन. कडीला धार राहते, गिऱ्हाइकाचं बोट कापलं, माल परत आला. बाहेरच्याकडून डाय घासून घेतला तर वरून दाबणारा पंच तुटला. "काका, ड्रॉइंग कुठे ठेवलंय?"
ड्रॉइंग नाहीच. कधी काढलं नाही. पंच आणि डायमधली फट मी अंगठ्याने बघतो.
म्हटलं, "खुर्चीवर बसून बघ, दिसेल." दुपारी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२८ जून
शेठ स्वतः मुलुंडला. उभाच ठेवला. सांगितलं, कडीचे डाय नवे करून देतो, दर महिन्याला घासून देतो. महिन्याचे १६,०५९.
"वरचे एकोणसाठ कसले?"
"ते माझं मी बघतो. चेक दर पाच तारखेला. सही तुमची पाहिजे, पोराची नको. अकरा वर्षं."
वळला आणि गेला.
सुनंदा म्हणते, "बहात्तरचा आहे तो. मध्येच गेला तर?"
म्हटलं, त्याच्या नावाने रोज दिवा लाव. शंभर वर्षं जगू दे.
ती हसली नाही.

४ जुलै
शेठ परत आला. या वेळी मी स्टूल दिलं. घाम पुसत म्हणाला, "दर महिन्याला तुझ्या दारात नको आणूस रे. एकरकमी घे. पोराला सगळं शिकव, जुनंनवं मिटलं असं लिहून दे." आकडा चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवला.
एकदम टाकायचे तर मला आज तेरा लाख त्रेचाळीस हजार लागतात. नऊ टक्क्यांनीच. हे आठ दिवसांपूर्वीच काढून ठेवलं होतं. पण मग त्याची सही एकदाच झाली असती.
म्हटलं, दरमहा. पटत नसेल तर राहू द्या. स्टुलावरून उठायला त्याला वेळ लागला. कळवतो म्हणाला.
घरी सुनंदाने विचारलं, किती देत होता? म्हटलं, काहीतरीच.
चौदा लाख देत होता. रोख. मी नाही म्हणालो.