काचघरात तूप थिजले

मु. प्रकाशे, पश्चिम खानदेश
चैत्र वद्य षष्ठी, शके १८५५

राजमान्य राजेश्री दलपतराव दाजी यांस,

मगनचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा हात शेगडीने भाजला आहे, म्हणून जरा सैल जोडले आहेत, आदरात कमी समजू नये.) आपली प्रकृती, नाशिकची हवा, कचेरीतले साहेब आणि बाळाचे दात, सर्व ठीक असावे. इकडे आई, उखाकाका, माझी बायको धनुबाई आणि म्हैस खुशाल आहेत.

आपले फाल्गुनातले पत्र मला पाठ झाले आहे. अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीच्या सणाला, मंगलेला माहेरी पाठवा, असे मी लिहिले. त्यावर आपण कळवलेत की ज्या गावात होळीपासून पावसापर्यंत वाटीतले तूप थिजत नाही, तिथे मी बायको आणि तान्हे मूल पाठवणार नाही. तूप थिजले की लिहा. गेल्या आखाजीलाही आपण उन्हाचेच कारण दिले होते. तेव्हा आईने लेकीसाठी कडुलिंबाला झोका बांधला, तो शेजारच्या मुलींनी खेळून घेतला आणि आई दिवसभर ओट्यावर पाठ फिरवून बसली. मला ते पुन्हा पाहायचे नाही. शिवाय दिवाळीत आपण माझ्या काचघराला हसलात, तेही मी विसरलेलो नाही. (नंदुरबारला कापसाच्या एका जिनाची जुनी कचेरी पाडली, तिच्या खिडक्या गाडीभर आणून मी कोबीसाठी काचघर उभे केले होते. कोबी न्याहारीच्या आधीच शिजला, हे आपण नाशिकभर सांगितल्याचे कानावर आले आहे.)

तेव्हा मी ठरवले की याच काचघराचे तीन भाग पाडायचे, एक उष्ण, एक मधला आणि एक थंड. बागकामाचे एक विलायती पुस्तक मास्तरांकडून वाचून घेतले. त्यात होते की उष्ण भागात शेगडी पेटती ठेवावी. पुस्तक लिहिणाऱ्याने खानदेश पाहिलेला नव्हता आणि मी तर जन्मापासून पाहत होतो, तरी चैत्रात भर दुपारी काचेच्या खोलीत शेगडी पेटवली ती मीच. उखाकाका (वडिलांमागे घरातले थोरले, म्हणून नव्या गोष्टीत पहिला पाय त्यांचाच) पाहणी करायला आत गेले आणि बाहेर आले तेव्हा लाल फेट्याचा रंग घामाने सुटून मिशीपर्यंत उतरला होता. धनुबाईला वाटले डोके फुटले, तिने वर मूठभर हळद दाबली. काका एवढेच म्हणाले, "मगन, तू कोबी पिकाडी ऱ्हायना, का माले शिजाडी ऱ्हायना?" किती उष्ण झाले ते पाहायला मी दवाखान्यातून ताप मोजायची नळी मागून आणली होती, ती आत ठेवताच फुटली. शेगडी बाहेर काढताना माझा हात भाजला. धनुबाईने मात्र त्याच दिवशी तिथे मिरच्या आणि पापड पसरले, आणि सांजेपर्यंत ते खडखडीत वाळले. तो भाग तेव्हापासून तिचा.

थंड भागाला मी पुस्तक विचारलेच नाही. वरच्या काचांवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाड थर दिला, त्यावर ओली पोती. पश्चिमेकडून झळा येतात, तिकडे वाळ्याचे तट्टे लावले आणि मोटेचे पाणी पन्हाळीने त्यांवर सोडले. मधल्या भागाला दोन्हीकडून कुडाच्या भिंती घालून शेणामातीने लिंपल्या, म्हणजे इकडची धग तिकडे जाणार नाही. गारवा झाला हे सगळ्यांत आधी म्हशीला कळले. ती दार मोडून आत गेली आणि तिथे नव्याने लावलेल्या कोबीच्या रोपांवर बसली ती उठेना. मग परवा भर दुपारी, बाहेर कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसले असताना, धनुबाईने पातळ तुपाची वाटी आत ठेवली. थोड्या वेळाने पाहतो तर तूप पांढरे, रवाळ, आणि त्यात चमचा उभा. उखाकाकांनी बोट घातले, तुपाला खळगा पडला. अर्धे गाव वाटी पाहून गेले. दाजी, मी जिंकलो, आणि मला फार आनंद झाला आहे.

तूप थिजवून दाखवणारा आपला मेहुणा,
मगन

ता. क. कोबीचे एकही रोप उरलेले नाही. कोणी विचारलेच तर हे सारे कोबीसाठी केले असे सांगावे. आपल्याला म्हणून लिहितो, आमच्या घरात कोबी कोणालाच आवडत नाही.

ता. क. मंगलेला पोचवायला आपण स्वतः यावे. आपल्या उतरण्याची व्यवस्था धनुबाईने उष्ण भागात, मिरच्यांशेजारी ठरवली होती. (दिवाळीतले हसणे तिच्याही लक्षात आहे.) मी रदबदली करून मधल्या भागापर्यंत आणले आहे.

ता. क. पत्र बंद करत होतो, तेवढ्यात आईने म्हशीला हाकलून थंड भागात पाळणा टांगून घेतला. म्हणते, "जवाईले लिख, तूप थिजी गये, आते मन्ही पोरले धाडी द्या." रिकामा पाळणा हलवू नये, म्हणून तिने त्यात तुपाची ती वाटी ठेवली आहे आणि वाटीला झोके देत बसली आहे.